वाचकांचे प्रश्न : हुंडाबळीच्या खटल्यातले अपील

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे, कारण त्यातले प्रश्न अनेक घरांना पडतात आणि त्यांची अर्धवट उत्तरे न्यायालयाच्या आवारातच ऐकायला मिळतात. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न २०१४ च्या उन्हाळ्यात झाले. दोन वर्षांनी बोअर मारण्यासाठी आणि पिकअप गाडी घेण्यासाठी माहेरून दोन लाख रुपये आण म्हणून तिच्यामागे तगादा सुरू झाला. वडिलांनी बैलजोडी विकून पन्नास हजार दिले. २०१८ मध्ये नागपंचमीला ती माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर वळ होते. उरलेले पैसे आणल्याशिवाय परत येऊ नकोस असे बजावून पाठवल्याचे तिने आईला सांगितले. आम्ही समजूत घालून तिला परत पाठवले. गणपतीच्या तोंडावर ती विहिरीत सापडली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला कलम ३०४ ब (हुंडाबळी) खाली दहा वर्षे आणि कलम ४९८ अ (सासरी छळ) खाली दोन वर्षे शिक्षा दिली, मात्र सासू आणि दीर निर्दोष सुटले. आता नवऱ्याने उच्च न्यायालयात अपील केले असून शिक्षेला स्थगिती मागितली आहे. पाय घसरून पडली, पैसे शेतीसाठी मागितले होते म्हणजे तो हुंडा नव्हे, आणि फिर्याद दोन दिवस उशिरा दिली, असे त्याचे म्हणणे आहे. शेजारचा साक्षीदार न्यायालयात फितूर झाला होता. तो सुटेल का? सासू आणि दीर यांच्याविरुद्ध आम्हाला अपील करता येईल का? दहा वर्षांची शिक्षा वाढवून मागता येईल का? (सांगली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : तुम्ही तिला परत पाठवल्याचे एका वाक्यात लिहिले आहे, पण ते वाक्य लिहिताना तुम्हाला काय झाले असेल ते कळते. कायद्याच्या दृष्टीने मुलीला समजावून सासरी पाठवणे हा आई-वडिलांचा दोष मानला जात नाही. आपल्याकडची कुटुंबे संसार टिकावा म्हणून असेच वागतात हे न्यायालयांना माहीत आहे. उलटतपासात ‘एवढा त्रास होता तर पाठवलेच कसे’ हा प्रश्न हटकून विचारला जातो आणि तुमच्या आईलाही विचारला गेला असेल. तेवढ्या प्रश्नाने साक्ष मोडत नाही.

अपिलात पुन्हा साक्षीदार बोलावले जात नाहीत, हे आधी नीट समजून घ्या. सत्र न्यायालयात जे जबाब झाले, जे पंचनामे आणि शवविच्छेदनाचा अहवाल दाखल झाला, त्या सगळ्यांचे बाड उच्च न्यायालयापुढे जाते आणि न्यायमूर्ती त्यावरून पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करतात. दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलात हा अधिकार पूर्ण असतो, म्हणजे सत्र न्यायाधीशांना जे पटले ते उच्च न्यायालयाला पटलेच पाहिजे असे बंधन नाही. त्यामुळे ‘सहज सुटेल’ किंवा ‘सुटणे शक्यच नाही’ असे दोन्हीकडचे लोक सांगत असले तरी खरे उत्तर त्या बाडातच आहे, आणि ते तुम्ही स्वतः वाचायला हवे.

वाचताना काय शोधायचे? ३०४ ब हे कलम १९८६ मध्ये दंड संहितेत आले आणि त्याचे घटक ठरलेले आहेत. लग्नापासून सात वर्षांच्या आत मृत्यू. तो भाजून, शारीरिक इजेने किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या परिस्थितीत झालेला. मृत्यूच्या ‘थोडे आधी’ नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकाने तिला क्रूरपणे वागवलेले किंवा छळलेले. आणि तो छळ हुंड्याच्या मागणीच्या संबंधातला. हे सरकार पक्षाने दाखवले की पुरावा अधिनियमाच्या कलम ११३ ब प्रमाणे न्यायालयाने हुंडाबळी घडला असे गृहीत धरलेच पाहिजे, आणि मग ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर जाते. पण गृहीतक आपोआप लागू होत नाही. या घटकांपैकी एक जरी निसटला तरी ते उभेच राहत नाही, आणि माझ्या पाहण्यात अपिलात सुटलेली बहुतेक प्रकरणे याच ठिकाणी सुटलेली आहेत.

तुमच्या प्रकरणात सात वर्षांचा प्रश्न नाही. पाय घसरल्याच्या बचावाबद्दल सांगायचे तर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की ‘नेहमीपेक्षा वेगळ्या परिस्थितीत’ या शब्दांत खून, आत्महत्या आणि अपघाती मृत्यूही येऊ शकतो, त्यामुळे मृत्यू नेमका कोणत्या खणात बसतो हे सरकार पक्षाने ठरवून दिलेच पाहिजे असे नाही. अर्थात विहिरीला कठडा नव्हता, पाय घसरल्याच्या खुणा होत्या, तिच्याबरोबर घागर होती, अशा गोष्टी दाखवून गृहीतक खोडण्याचा प्रयत्न आरोपी करू शकतो. म्हणून घटनास्थळाचा पंचनामा ओळ न् ओळ वाचा. घागर किंवा दोर सापडल्याची नोंद नसेल, तर ‘पाणी शेंदायला गेली होती’ हे सांगणे फार पोकळ ठरते.

पैसे शेतीसाठी मागितले होते, या मुद्द्याला एक इतिहास आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की घरखर्चासाठी किंवा खत घेण्यासाठी मागितलेले पैसे म्हणजे हुंडा नव्हे. त्या निकालाच्या आधारावर पुढे अनेक आरोपी सुटले. मात्र २०१५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो संकुचित अर्थ बरोबर नसल्याचे सांगितले, आणि २०२२ मध्ये घर बांधण्यासाठी पैशांची मागणी झालेल्या प्रकरणातही न्यायालयाने हुंड्याची व्याख्या व्यापकच धरली. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ मधली व्याख्या लग्नाच्या वेळी, लग्नाआधी किंवा लग्नानंतर केव्हाही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे दिलेल्या अथवा देण्याचे कबूल केलेल्या मालमत्तेला लागू होते. बोअर किंवा पिकअप ही फक्त पैसे मागण्याची सबब आहे. सून म्हणून तिने माहेरून आणावेत, ही अपेक्षा लग्नाच्या नात्यातूनच आलेली आहे. सरकारी वकिलांच्या हातात २०१५ चा निकाल आहे ना, याची खात्री करून घ्या. अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, अजूनही २००७ चाच निकाल उद्धृत केलेला मी पाहतो.

अपिलाचा सगळा भार बहुधा ‘थोडे आधी’ या दोन शब्दांवर पडेल. हे शब्द किती दिवसांचे, हे कायद्यात लिहिलेले नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मुद्दाम दिवसांत बांधलेले नाहीत. छळ आणि मृत्यू यांच्यामध्ये जिवंत, जवळचा दुवा हवा, असे २००० पासूनचे निकाल सांगतात. तुमच्याकडे हा दुवा नागपंचमीचा आहे. मृत्यूच्या चारेक आठवडे आधी अंगावर वळ घेऊन ती आली, उरलेल्या पैशांचे बोलली आणि तशीच परत गेली. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूला कारणीभूत झालेल्या परिस्थितीबद्दल जे सांगितले ते पुरावा अधिनियमाच्या कलम ३२(१) प्रमाणे ग्राह्य असते, त्यामुळे ‘ऐकीव’ म्हणून आईची साक्ष बाजूला काढता येणार नाही.

पण इथे थांबून एक गोष्ट तपासा. नागपंचमीचे हे बोलणे मूळ फिर्यादीत आहे का? पोलिसांनी आईचा जो जबाब नोंदवला त्यात आहे का? की ते पहिल्यांदा न्यायालयातच सांगितले गेले? महत्त्वाची गोष्ट पोलीस जबाबात नसेल तर बचाव पक्ष तिला ‘ओमिशन’ म्हणतो, आणि साक्षीची सगळी ताकद त्यात जाऊ शकते. ‘तिला पैशांसाठी नेहमी त्रास देत असत’ असे मोघम वाक्य आणि ‘नागपंचमीच्या दिवशी दुपारी तिने दंडावरचे वळ दाखवले आणि दीड लाख राहिलेत असे सांगितले’ हे वाक्य, यांत अपिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्यावर दोषसिद्धी टिकवणे अवघड असते. दुसऱ्यावर ती टिकते. बैलजोडी विकल्याची बाजार समितीची पावती दाखल झाली असेल तर तीही जपून वापरा. पैसे दिले गेले एवढे तर त्यातून दिसतेच, शिवाय मागणी बोलाचालीत विरली नव्हती, हेही दिसते.

उशिराच्या फिर्यादीची फार चिंता करू नका. अकस्मात मृत्यूची नोंद, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, अंत्यविधी हे सगळे पार पडेपर्यंत दोन दिवस जातातच, आणि स्पष्टीकरण पटण्याजोगे असेल तर न्यायालये असा उशीर सहसा आरोपीच्या बाजूने धरत नाहीत. फितूर साक्षीदाराचेही तसेच आहे. त्याची साक्ष सगळीच टाकाऊ होत नाही आणि घरातल्या छळाचे साक्षीदार मुळात माहेरचेच असतात, त्यामुळे ‘हितसंबंधी साक्षीदार’ एवढ्यावरून त्यांना नाकारता येत नाही.

शिक्षेला स्थगिती हा तुमच्यासाठी तातडीचा मुद्दा आहे. हा गुन्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा असल्यामुळे स्थगिती देण्याआधी सरकारी वकिलांना लेखी विरोध करण्याची संधी द्यावीच लागते. हुंडाबळीच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती रद्द करताना सांगितले की दोषसिद्धीनंतर निर्दोषत्वाचे गृहीतक उरत नाही आणि स्थगितीसाठी कारणे लेखी नमूद हवीत. तरीही आरोपीने शिक्षेचा मोठा भाग भोगलेला असेल आणि अपील लवकर सुनावणीला येण्याची चिन्हे नसतील तर न्यायालये स्थगिती देतात. तसे झाले तर तो निर्दोष ठरला असे समजून खचू नका, आणि गावातही तसे पसरू देऊ नका.

आता सासू आणि दीर. निर्दोष मुक्ततेविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करण्याचा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला जोडलेली ती तरतूद (परंतुक) आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. अशा प्रकरणांत न्यायालयांनी आई-वडिलांना पीडित मानले आहे, म्हणून अपील वडिलांच्या नावाने करा. सरकारला अशा अपिलासाठी उच्च न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागते, पीडिताला ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. पीडिताच्या अपिलाची मुदत कायद्यात वेगळी लिहिलेली नसल्याने अनुभवी वकील निकालापासून साठ दिवसांतच ते दाखल करतात आणि उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज जोडतात. तुम्हीही दिवस घालवू नका.

मात्र हे अपील नवऱ्याच्या अपिलापेक्षा कठीण आहे, हे मी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. मुक्तता झालेल्या आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचे गृहीतक दुप्पट बळकट झालेले असते, आणि पुराव्यावरून दोन मते शक्य असतील तर सत्र न्यायालयाने घेतलेले मत केवळ दुसरे मत अधिक पटते म्हणून बदलले जात नाही. दीर वेगळा राहत होता का? सासूने नेमके काय म्हटले, कधी म्हटले, हे कोणत्या साक्षीदाराने सांगितले? याची ठोस उत्तरे बाडात नसतील तर सगळी ताकद नवऱ्याची शिक्षा टिकवण्यावर लावा, असा माझा सल्ला आहे. रागाच्या भरात सगळ्यांना ओढण्याचा प्रयत्न केला की मुख्य आरोपीविरुद्धचा चांगला पुरावाही संशयास्पद वाटू लागतो.

शिक्षावाढीसाठी पीडिताला अपील करता येत नाही. कलम ४१३ मध्ये मुक्तता, कमी गंभीर गुन्ह्याखालची दोषसिद्धी आणि अपुरी नुकसानभरपाई एवढ्याच तीन गोष्टी आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितले. वाढीसाठी अपील फक्त सरकार करू शकते, त्यासाठी जिल्हा सरकारी वकिलांमार्फत प्रस्ताव पाठवावा लागतो. एक दिलासा असा की ३०४ ब खालची दोषसिद्धी कायम राहिली तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार उच्च न्यायालयालाही नाही. धोका दुसरीकडे आहे. ‘थोडे आधी’चा दुवा न पटल्यास न्यायालय ३०४ ब मधून मुक्त करून फक्त ४९८ अ कायम ठेवू शकते, आणि त्याची कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. तेव्हा निदान आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे कलम ३०६ तरी लागते, असा पर्यायी युक्तिवाद सरकारी वकिलांनी तयार ठेवला पाहिजे. दोषारोपात त्याची वस्तुस्थिती आलेली असेल तर स्वतंत्र दोषारोप नसतानाही त्या कलमाखाली दोषी ठरवता येते, असा २००२ चा निकाल आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले आहे. त्यामुळे तारखेला मुंबईची खेप पडणार नाही. तुमचा खासगी वकील तिथे सरकारी वकिलांना मदत करू शकतो आणि न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. स्वतंत्रपणे खटला मात्र चालवू शकत नाही. खर्च झेपत नसेल तर आईच्या नावाने विधी सेवा समितीकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : आमच्या मुलीने पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश आणि रडत बोललेला आवाज तिच्या मावशीच्या जुन्या मोबाईलमध्ये आता सापडले. खटल्यात ते दिलेच गेले नाहीत. आरोपींच्या अपिलात देता येतील का? (एक आई, मराठवाडा)

उत्तर : देता येतील, पण हक्क म्हणून नाही. अपील न्यायालयाला आवश्यक वाटले तर जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे (फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम ३९१, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ४३२). खटल्यातल्या उणिवा बुजवण्यासाठी तो वापरला जात नाही, म्हणून हे संदेश आधी का मिळाले नाहीत, याचे खरे आणि सरळ कारण प्रतिज्ञापत्रात लिहा. मोबाईल कोणाच्याही हाती देऊ नका, दुरुस्तीला देऊ नका, संदेश दुसऱ्या फोनवर पाठवून मूळ पुसू नका. छापील प्रत किंवा पेनड्राइव्ह द्यायचा तर त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ते बंधनकारक ठरवले आहे. मूळ मोबाईल मावशीने स्वतः न्यायालयात हजर केला तर प्रमाणपत्राची अट येत नाही. सरकारी वकिलांना आजच लेखी कळवा.

प्रश्न : माझी वहिनी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी भाजून वारली. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात सासरी होते. भावाबरोबर मलाही सात वर्षे शिक्षा झाली, सध्या जामिनावर आहे. वहिनीच्या माहेरच्यांशी तडजोड केली तर अपील संपेल का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : नाही. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि साक्षीदारांना भेटायला गेलात तर जामीन जाईल. तुमचा मुद्दा अपिलात नीट मांडण्याजोगा आहे. नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना ओढण्याच्या प्रवृत्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सावध केले आहे, आणि वेगळ्या राहणाऱ्या नणंदेविरुद्ध ठोस कृत्य, वेळ आणि मागणी यांचा पुरावा नसेल तर कलम ११३ ब चे गृहीतक तिच्यापुरते उभे राहत नाही. तुमचे त्या काळातले रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले खटल्यात दाखल झाले होते का ते पाहा.

पण वहिनीने मृत्युपूर्व जबाबात तुमचे नाव घेतले असेल तर उत्तर बदलते. डॉक्टरांचे शुद्धीवर असल्याचे प्रमाणपत्र नाही, एवढ्यावर असा जबाब फेटाळता येत नाही, असे २००२ च्या घटनापीठाने सांगितले आहे. जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची खात्री पुरेशी असते. आणि तुमच्या पत्रात वहिनीबद्दल एकच ओळ आहे. ती कशी भाजली, हे तुम्ही लिहिलेले नाही. वकिलांना तरी जे माहीत आहे ते सगळे सांगा.

प्रश्न : मुलीचे दागिने आणि लग्नात दिलेले पैसे सासरीच आहेत. तिला मूल नव्हते. आम्ही मागितले तर ‘हुंडा दिला’ म्हणून आमच्यावरच गुन्हा होईल, असे ते धमकावतात.

उत्तर : घाबरू नका. हुंडा प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ७(३) प्रमाणे पीडित व्यक्तीने दिलेल्या निवेदनावरून तिच्यावर त्या कायद्याखाली खटला चालवता येत नाही. कलम ६ असे सांगते की लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि तिला मूल नसेल, तर हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता तिच्या आई-वडिलांकडे जाते. मूल असेल तर मुलाकडे. अपील प्रलंबित आहे म्हणून थांबण्याची गरज नाही. सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो आणि पंचनाम्यात जप्त झालेल्या वस्तूंची यादी जोडून आधी वकिलामार्फत नोटीस द्या. जे दागिने पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केले असतील त्यांच्याबद्दल सत्र न्यायालयाच्या निकालपत्रात शेवटी काय आदेश आहे तेवढे पाहा. बहुतेक निकालपत्रांत ‘अपिलाची मुदत संपल्यानंतर’ असे लिहिलेले असते, आणि अपील दाखल झाले असेल तर ताब्यासाठीचा अर्ज उच्च न्यायालयातच करावा लागतो.